वजन तर भरलं, पण लेकरू बोलतं का? : अंगणवाडीच्या काट्याचा आणि त्यातून सुटलेल्या गोष्टीचा इतिहास

"बोलीन ना बाप्पा, ह्याचा बाप बी उशिराच बोलला व्हता."

हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्या रिसोड तालुक्यात सापडणं कठीण. दोन वर्षांचं लेकरू बोलत नाही, आई काळजीत असते, आणि घरातलं वडीलधारं माणूस तिची समजूत काढतं. त्यामागं मायाच असते. बऱ्याचदा लेकरू पुढं बोलतंही. पण काही लेकरांना ऐकूच येत नसतं. काहींच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झालेली असते. काहींना थायरॉईडचा त्रास असतो, ज्यावर रोजची एक छोटी गोळी पुरते, पण ती जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू व्हावी लागते. अशा लेकरांसाठी "थांबा, होईल" या सल्ल्याची किंमत फार मोठी असते.

गंमत अशी की त्याच लेकराचं वजन किती, हे मात्र आपल्याला माहीत असतं. अंगणवाडीत दर महिन्याला काटा होतो, रजिस्टरमध्ये आकडा जातो, ताईच्या मोबाईलमध्येही जातो. वजन मोजायला आपण शिकलो. लेकरू काय करतं, कधी करतं, हे बघायला आणि लिहून ठेवायला तेवढं शिकलो नाही. असं का झालं? याचा इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात घडलाय. पोस्ट मोठी आहे, पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर पूर्ण वाचा.

आजीचं कॅलेंडर

बाळाच्या विकासाचे टप्पे म्हणजे काहीतरी डॉक्टरी प्रकरण, असं आपल्याला वाटतं. पण आपली भाषा या टप्प्यांनी भरलेली आहे. मान धरली, पालथं पडलं, बसायला लागलं, रांगायला लागलं, धरून उभं राहिलं, पाऊल टाकलं, बोबडं बोलायला लागलं. या शब्दांसाठी कुणाला पुस्तक लागत नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण, म्हणजे वरचं अन्न सुरू. संक्रांतीला बोरन्हाण. चालू पाहणाऱ्या लेकराला सुताराकडून पांगुळगाडा. ही सगळी मिळून एक दिनदर्शिकाच होती, आणि ती आजीच्या डोक्यात असायची.

तिच्यात दोन गोष्टी कमी होत्या. एक, "साधारण कधी" हे माहीत होतं, पण "याच्या पलीकडं थांबायचं नाही" ही रेघ नव्हती. दुसरी, रेघ ओलांडली तरी जायचं कुठं, हे ठिकाण नव्हतं. मग उरायचं नशीब, नजर, नाहीतर नवस.

आणि खरं सांगायचं तर त्या काळात मोठा प्रश्न लेकरू जगतं की नाही हाच होता. आपलं रिसोड तेव्हा वऱ्हाडातल्या बाशिम जिल्ह्यात होतं. तो जिल्हा १९०५ साली मोडला आणि आपण अकोल्यात गेलो. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९००. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या जनगणनेत साडेसत्तावीस लाखांवर आली. एरवी दहा वर्षांत माणसं वाढतात, इथं कमी झाली. अशा काळात "माझं लेकरू उशिरा का बोलतं" हा प्रश्न विचारायला आईला उसंत कुठली? जगलं हेच खूप होतं.

"होईल हळूहळू" ही आपली सवय मला वाटतं त्याच काळातून आली असावी. ज्या घरानं चारातली दोन लेकरं गमावली, तिथं उरलेल्याच्या उशिराबद्दल कोण तक्रार करणार?

मोजायची सुरुवात

लेकराला ठरावीक काळानं मोजून ते लिहून ठेवायचं, ही कल्पना फार जुनी नाही. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या एका सरदारानं १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची मोजून ठेवली. वाढीची ती जगातली पहिली सलग नोंद मानतात. विसाव्या शतकात अमेरिकेत अर्नोल्ड गेझेल यांनी उंची-वजनाच्या पुढं जाऊन मूल कोणत्या वयात काय करतं याच्या नोंदी केल्या. पुढं नॅन्सी बेली यांनी त्याची मोजपट्टी तयार केली. वाढ एक आणि विकास दुसरा, हा फरक इथून स्पष्ट झाला. वाढ म्हणजे शरीर किती मोठं झालं. विकास म्हणजे त्या शरीराला, मेंदूला काय काय जमायला लागलं. गुटगुटीत लेकराचा विकास मागं असू शकतो, आणि किडकिडीत लेकरू बोलण्या-चालण्यात पुढं असू शकतं. म्हणून एक मोजलं की दुसरं कळलं, असं होत नाही.

अमरावतीहून बोर्डीला

आता आपल्याकडं येऊ. ताराबाई मोडक हे नाव शाळेत कधीतरी कानावर गेलेलं असतं. त्या लग्नानंतर अमरावतीत राहिल्या होत्या, हे मात्र आपल्या भागातही थोड्यांनाच माहीत असतं. तिथून त्या राजकोटला गेल्या, मग भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डी या गावी काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या.

बोर्डीत त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येत नाहीत. मग ताराबाईंनी उलटं केलं, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. लेकरांना आंघोळी घालायच्या, नखं काढायची, आणि तिथंच शिंपले, खडे, पानं, बिया घेऊन खेळ घ्यायचे. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं अंगणवाडी. आज देशभर जो शब्द चालतो, तो इथून आला. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही तिथंच झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

हे सगळं सांगतोय कारण मूळ अंगणवाडीचा गाभा लेकराकडं बघणं हा होता. ते काय हातात घेतं, कशात रमतं, कुणाशी खेळतं, काय बोलतं. काटा नव्हता तिथं, बघणारी बाई होती. हा धागा लक्षात ठेवा, तो पुढं तुटतो.

मोजपट्टी आपल्या लेकरांची

त्याच सुमारास शेजारच्या बडोद्यात दुसरं महत्त्वाचं काम चाललं होतं. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात बालविकासाचा विभाग होता. तिथं प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचा विकास महिन्या-महिन्यानं नोंदवला. वय एक महिना ते तीस महिने. प्रश्न साधा होता: आपण अमेरिकेतल्या बाळांची मोजपट्टी आपल्या बाळांना लावतोय, ती लागू पडते का? आपल्या बाळांची सांभाळायची पद्धत वेगळी, खाणं वेगळं, मालिश वेगळी, मांडीवर-कडेवर घ्यायची रीत वेगळी.

त्यातून भारतीय बाळांसाठीची मोजपट्टी तयार झाली. तिच्या सुधारित रूपात शरीराच्या हालचालींच्या ६७ आणि समज-बोलणं-वागणं यांच्या १६३ गोष्टी आहेत. ती वापरायला शिकलेला माणूस लागतो, वेळ लागतो. म्हणून त्यातून छोट्या चाचण्या निघाल्या. बडोद्याची ५४ गोष्टींची, आणि त्याच बडोद्याच्या नोंदींवरून केरळात तिरुवनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी केलेली फक्त १७ गोष्टींची. दोन्ही १९९१ साली प्रसिद्ध झाल्या. सतरा गोष्टी म्हणजे काय, तर पाच-सात मिनिटांत अंगणवाडीच्या ओट्यावर बसून तपासता येईल इतकं सोपं काम. म्हणजे आपल्याच लेकरांवर बेतलेली, कुणालाही शिकता येईल अशी पट्टी तीस वर्षांहून जास्त काळ हाताशी आहे.

काटा कसा जिंकला

मग ती गावात का आली नाही?

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. नावात 'बालविकास' आहे, लक्षात घ्या. केंद्राला नाव दिलं ताराबाईंचं, अंगणवाडी. सेवा सहा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि शाळेआधीचं शिक्षण. महाराष्ट्रात सुरुवातीच्या प्रकल्पांत आपल्या अमरावती विभागातलं धारणी होतं, म्हणजे मेळघाट.

त्याच काळात गावातल्या बाईच्या हाती काटा आणि तक्ता द्यायचे प्रयोग महाराष्ट्रात चालू होते. डहाणू तालुक्यातल्या कासा इथं डॉ. पी. एम. शाह यांनी, आणि जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी दाखवून दिलं की फारसं न शिकलेली गावातली बाईसुद्धा लेकराचं वजन करून धोका ओळखू शकते. तक्त्याची मूळ कल्पना डॉ. डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरची, नायजेरियातल्या एका खेड्यातली. त्यांचा आग्रह होता की हा तक्ता दवाखान्यात न ठेवता आईच्या घरी राहावा. आज तुमच्या घरात लसीचं कार्ड आहे ना, त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

काटा जिंकला याची कारणं समजून घेतली पाहिजेत, कारण तो काही वेडेपणा नव्हता. वजन हा एक आकडा आहे. तो लिहिता येतो, वर पाठवता येतो, त्याची बेरीज मुंबईत बसून करता येते. "लेकरू नावानं हाक मारल्यावर वळून बघतं का" याची बेरीज कशी करणार? शिवाय लेकरं भुकेनं मरत होती, आणि भूक काट्यावर दिसते.

पण काटा असूनही बघणं राहिलं तर काय होतं, हे मेळघाटानंच दाखवलं. योजनेच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक जिथं होता, तिथल्याच बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९३ साली राज्य हादरलं. अठरा वर्षं वजनं होत होती, रजिस्टरं भरत होती. त्यानंतर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निकाल १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढं आशाताईंच्या गृहभेटी देशभर त्याच धर्तीवर सुरू झाल्या. २००५ साली राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत ४६ टक्क्यांच्या वर होतं, ते २०१५-१६ ला ३४.४ वर आलं. २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२. म्हणजे उतरलं, आणि मग अडकलं.

जगलेल्या लेकरांचा प्रश्न

या सगळ्या प्रयत्नांचा एक चांगला परिणाम झाला. जी बाळं पूर्वी पहिल्या आठवड्यात जात, ती वाचायला लागली. सातव्या-आठव्या महिन्यात झालेली, दीड किलोची, जन्मल्यावर उशिरा रडलेली, काविळीनं पिवळी पडलेली. आपल्या ओळखीतही अशी लेकरं असतील, काचेच्या पेटीत राहून आलेली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत केला. भारतात असा लांबलचक पाठपुरावा फार थोडा झालाय. त्यातून दिसलं की बहुतेक मुलं सर्वसाधारण बुद्धीची निघाली, पण पूर्ण दिवसांच्या मुलांच्या तुलनेत गुण कमी होते. जी वेळेआधीही झाली आणि त्या महिन्यांच्या मानानंही बारीक होती, ती जास्त मागं होती. यातून घेण्यासारखं हे की पेटीतून बाळ घरी आलं म्हणजे काम संपत नाही. तिथून बघायचं काम सुरू होतं.

खिडकी नावाची सोपी गोष्ट

बघायचं म्हणजे काय, याचं सगळ्यात सोपं उत्तर २००६ साली आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं नवे वाढीचे तक्ते काढले. आपल्या अंगणवाडीत हिरवा-पिवळा-लाल असा जो तक्ता असतो, तो हाच. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती, त्यात एक ठिकाण दिल्ली. त्याच अभ्यासात भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या सहा हालचाली बारकाईनं नोंदवल्या. वजनाचा तक्ता गावोगाव पोचला, हा दुसरा भाग मात्र मागं राहिला. म्हणून तोच सांगतो.

• आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने
• धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने
• हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने
• धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने
• आधाराशिवाय उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने
• आपलं आपण चालणं: ८.२ ते १७.६ महिने

बघा, खिडकी किती मोठी आहे. एक निरोगी लेकरू नवव्या महिन्यात चालतं, दुसरं निरोगी लेकरू सतराव्या महिन्यात. म्हणजे "शेजारणीचा चालतो, आपला का नाही" म्हणून रडायचं कारण नाही. चार-पाच टक्के लेकरं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी नीट चालली. आजीचं "होईल हळूहळू" इथपर्यंत बरोबर आहे.

पण खिडकीला दुसरी बाजूही आहे. अठरा महिने झाले आणि लेकरू चालत नाही, तर शंभरातली नव्याण्णव निरोगी लेकरं तोवर चाललेली असतात. तिथं "बाप बी उशिरा चालला" हे उत्तर संपतं. आजीच्या कॅलेंडरमध्ये जी रेघ नव्हती, ती ही.

पालघर ते वाशिम

६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला. कुठून? पालघरहून. म्हणजे बोर्डी, कोसबाड, कासा जिथं आहे त्याच पट्ट्यातून. जन्मतः व्यंग, जीवनसत्त्वं वगैरेंची कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, अशा चार गटांतल्या ३० गोष्टी तपासायच्या. वय शून्य ते अठरा. गाडीतून डॉक्टरांचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावं अशी त्यात तरतूद आहे, जिथं बालरोगतज्ज्ञासोबत फिजिओथेरपी, बोलणं-ऐकणं तपासणारे, मानसतज्ज्ञ असतात. विकासातला उशीर हा शब्द गावपातळीच्या सरकारी कामात खऱ्या अर्थानं तेव्हा आला.

त्यानंतर २०१८ साली आपला वाशिम जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. राज्यातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपण. त्या गुणपत्रिकेत आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन आहे. त्याच वर्षी आशाताईंच्या लहान मुलांसाठीच्या गृहभेटी ठरल्या: ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. २०२३ च्या नोव्हेंबरात दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आली आणि २०२४ ला शून्य ते तीन वयाच्या लेकरांशी घरी काय खेळायचं-बोलायचं याचा 'नवचेतना' आराखडा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेनं युनिसेफसोबत 'आरंभ' नावानं अंगणवाडी ताईंना हेच शिकवलं, पालकांचे मेळावे घेतले. शेणामातीच्या घरातल्या डबा-चमचा-शेंगा घेऊन लेकराशी कसं खेळायचं, हे तिथं दाखवतात. ताराबाईंच्या अंगणातले शिंपले आठवा. तुटलेला धागा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी परत जोडायचा प्रयत्न आहे हा.

कागदावर आता काही कमी नाही. कमी आहे ते गावात. अंगणवाडी ताईंवर आहार, वजन, उंची, मोबाईल, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं सगळं टाकलंय, मग लेकराशी पाच मिनिटं बसायला वेळ कुठून आणणार? तपासणीचं पथक ज्या दिवशी येतं, त्या दिवशी आई सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली असते. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाहीतर पुण्याकडं कामाला जाणाऱ्या घरांची लेकरं दोन्हीकडच्या यादीतून निसटतात. आणि कुणी सांगितलंच की वाशिमला दाखवा, तर एका खेपेला दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. थेरपी एका खेपेत होत नाही, ती महिनोन्‌महिने करावी लागते. त्यात लोक काय म्हणतील ही भीती, मुलगी असेल तर दुप्पट.

मग करायचं काय?

घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. लसीच्या पानाच्या पुढची पानं उलटा. त्यात चित्रांसकट टप्पे दिलेले आहेत. बहुतेक घरांत ती पानं कोरी असतात. आणि या खुणा दिसल्या तर वाट न बघता दाखवा:

• तीन महिन्यांचं बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडं बघून हसत नाही
• पाचव्या महिन्यापर्यंत मान धरत नाही
• नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही
• वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर वळत नाही, किंवा धरूनही उभं राहत नाही
• वर्षाच्या आत सगळं एकाच हातानं करतं, दुसरी मूठ आवळलेली
• सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही
• अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही
• दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही
• कोणत्याही वयात, आधी येत होतं ते बोलणं-चालणं-खेळणं बंद झालं

शेवटची खूण सगळ्यात तातडीची.

दोन बारीक गोष्टी. बाळ वेळेआधी झालं असेल तर जितके आठवडे आधी झालं तितके त्याच्या वयातून वजा करा. दोन महिने आधी झालेलं आठ महिन्यांचं बाळ सहा महिन्यांचं धरून बघायचं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशोब चालतो. आणि बोलायला उशीर असेल तर पहिलं काम म्हणजे ऐकण्याची तपासणी. ताट वाजवल्यावर दचकतं म्हणून ऐकू येतं, असं धरू नका. काही लेकरांना मोठा आवाज कळतो, पण बोलणं कळत नाही.

खूण दिसली म्हणजे लेकरू मंद आहे, असा अर्थ काढू नका. खूण म्हणजे फक्त तपासणीचं आमंत्रण. तपासून काही निघालं नाही तर एक खेप वाया गेली, एवढंच. निघालं तर तीन वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचाराचा जो फायदा होतो, तो सहाव्या वर्षी शाळेनं सांगितल्यावर होत नाही, कारण मेंदू सगळ्यात वेगानं घडतो तो याच पहिल्या वर्षांत. आणि ज्या लेकरात व्यंग राहणारच आहे, त्याचाही हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, प्रमाणपत्र निघतं, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

हे झालं घरचं. गावानं करायचं वेगळं आहे. पुढच्या ग्रामसभेत दारू-रस्ता-घरकुलासोबत हे चार प्रश्न विचारा. आपल्या अंगणवाडीत तपासणीचं पथक या वर्षी कोणत्या तारखांना आलं? किती लेकरं पुढं पाठवली? त्यातली किती खरंच पोचली? आणि जी बाहेरगावी कामाला गेली, त्यांची नावं कुणाकडं आहेत? पहिल्या दोनाची उत्तरं रजिस्टरमध्ये मिळतील. तिसऱ्या-चौथ्याची मिळाली नाहीत तर तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं आणि ग्रामीण रुग्णालयात लेखी मागा. ताईंवर ओरडू नका, त्यांच्या बाजूनं मागा. त्यांना लेकरांसोबत बसायला वेळ मिळावा ही मागणीही त्यातच घाला.

वाशिमला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथं बालविकासाची तपासणी आणि थेरपी आठवड्यात ठरलेल्या दिवशी, आणि रिसोडला निदान महिन्यातून एकदा मिळावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडं करायला हरकत नाही. रस्त्यासाठी आपण निवेदन देतो, मग यासाठी का नाही?

तुमच्या गावात पथक शेवटचं कधी आलं होतं, ते खाली गावाच्या नावासह लिहा. लेकरांची नावं लिहू नका, फक्त गाव आणि महिना. पंचवीस-तीस गावांची माहिती जमली तर तालुक्याचं एक चित्र तयार होईल, मग ते घेऊन आपण मिळून अधिकाऱ्यांना भेटू.